टोपल्यांचे अधिवेशन

पुढील पत्रव्यवहार मी एका विधानाच्या सिद्धतेसाठी क्रमाने लावला आहे. विधान असे: सभा काय ठरवते, हे सभासदांच्या बुद्धीवर अवलंबून नसून ते कुठे आणि कसे बसतात यावर अवलंबून असते.

तर्कशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर मी युरोपचा प्रवास केला, तो केवळ संसदभवने पाहण्यासाठी. सहप्रवासी मनोरे आणि बाजार पाहत असता मी बाके पाहत होतो. सगुणा ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. रेवसजवळचे भाटवणे बंदर हे आमचे गाव, आणि तेथील मच्छीमार सहकारी संस्थेची ती गेल्या दिवाळीपासून चेअरमन आहे. मी फोन वापरत नाही, कारण फोनवर कोणीही आधारविधान पूर्ण करत नाही. पत्रांतील एकही शब्द बदललेला नाही. सगुणेच्या पत्रांना येणारा सुक्या बोंबलांचा वास तेवढा येथे उतरवता आला नाही.

बा. धा. तांडेल

---

भाटवणे बंदर, ६ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामांस,

सगुणेचा शिरसाष्टांग नमस्कार. मामींनाही नमस्कार सांगा.

काम असं आहे. संस्थेचं जुनं सभागृह वादळात गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. नवं बांधायचा ठराव मी चेअरमन होण्याआधीच, गेल्या मार्चात पास झालाय. जागा ठरलीय ती वाळवणाचं मैदान. म्हणजे बांबूच्या वलांड्यांवर आपण बोंबील टांगतो, तेच. तिथं सभागृह उभं राहिलं तर बायांनी बोंबील काय कौलांवर सुकवायचे? पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा निम्म्या घरांची चूल या सुक्या मासळीवर पेटते.

ठराव मोडायचा अधिकार मला एकटीला नाही. त्याला सर्वसाधारण सभा लागते, आणि तिचा कोरम भरत नाही. माझ्या हातात एकच गोष्ट आहे: आतली बसायची व्यवस्था. तिच्यावर चेअरमनची सही झाली की दुसऱ्या दिवशी गणराज कंत्राटदार जेसीबी लावणार. म्हणून मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की आमचे मामा युरोपातल्या संसदा बघून आलेत, त्यांची संमती आल्याशिवाय माझी सही नाही.

तेव्हा मामा, सावकाश विचार करून लिहा. घाई बिलकुल नको. संसदा पुष्कळ असतील तर फारच बरं.

तुमची,
सगुणा

---

हरिहरेश्वर, १४ जानेवारी २०२५

चि. सगुणेस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात चार मुद्दे आहेत. त्यांपैकी दोन नमस्कार आहेत. वाळवणाचा मुद्दा विचारलेल्या प्रश्नाशी असंबद्ध असल्यामुळे तो बाजूला ठेवतो. उरतो तो बसण्याचा प्रश्न, आणि तो तू योग्य व्यक्तीला विचारला आहेस.

लंडनपासून आरंभ करू. तेथील कनिष्ठ सभागृह पूर्वी राजवाड्यातील एका प्रार्थनामंदिरात भरत असे. मंदिरात गाणाऱ्यांची आसने समोरासमोर असतात. सभासद त्यांवर बसले आणि देशाला सत्ताधारी व विरोधक मिळाले. सन १८३४ मध्ये तो राजवाडा जळाला. नवा बांधताना बाके समोरासमोरच ठेवली. सन १९४१ मध्ये सभागृहावर बॉम्ब पडला. पुन्हा बांधताना ती तशीच ठेवली, आणि जागा मुद्दाम सभासदांपेक्षा कमी राखल्या, म्हणजे महत्त्वाच्या दिवशी दाटी होऊन चर्चेला धार येते. दोन बाजूंच्या मध्ये दोन तांबड्या रेषा आहेत. त्यांतील अंतर दोन तलवारींएवढे, अशी आख्यायिका आहे. जागा राखण्यासाठी सभासद सकाळी आपल्या नावाचे कार्ड बाकावर ठेवतो, आणि ते कार्ड असेपर्यंत जागा त्याचीच मानली जाते.

भाटवण्यात तलवारी नाहीत. अंतर वल्ह्यांनी धरावे. आधी मैदानावर दोरी आखून प्रयोग करावा व निष्कर्ष कळवावा.

शुभाकांक्षी,
बाळाजीमामा

---

भाटवणे बंदर, २४ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामांस सा. न.

लंडन करून बघितलं. वलांड्यांच्या मधल्या पट्ट्यात दोन वल्ही टोकाला टोक लावून टाकली आणि दोन्हीकडे फळ्या मांडल्या. आधी सगळे हसत होते. मग बसले.

गोदू आणि नीराबाई तुम्हाला आठवत असतील. वर्षानुवर्षं लिलावात शेजारी बसतात, एकीची तंबाखूची डबी दुसरीच्या कमरेला. त्या चुकून समोरासमोर आल्या. नीराबाई म्हणाली, "आज ऊन लय हाय."

गोदू ताडकन उभी राहिली. "न्हाय!"

"काय न्हाय?"

"तू म्हनतेस त्ये न्हाय."

"अगं, मी उनाचं बोल्ते."

"व्हय, पन त्या बाजूनं बोल्तेस ना!"

झालं. तेव्हापासून त्या बाजूला ऊन आहे आणि या बाजूला नाही. या बाजूच्यांनी डोक्यावरचे पदर काढून ठेवले. त्यांतल्या दोघींना संध्याकाळी चक्कर आली.

जागा तुम्ही सांगितल्यासारख्या कमी ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे बघते तर सगळ्या फळ्यांवर टोपल्या. आपल्या बंदरावर जिची टोपली रांगेत ती बाई रांगेत, मग ती घरी चहा पीत का बसलेली असेना. रांगेसाठी प्रत्येकीची एक जुनी टोपली वेगळीच असते. आणि दुसऱ्याची टोपली हलवणाऱ्याला आपल्यात कोण मुलगी देत नाही. बोटींवरची तांडेल मंडळी आली तर बसायला जागाच नाही. आपला सेक्रेटरी अनंता लालबुंद.

"आमी उभे, आनि टोपल्या बसल्यात?"

मी म्हटलं, "टोपल्या नाहीत अनंता, बाया बसल्यात. मामांचं पत्र वाच. कार्ड ठेवलं की जागा त्याची."

सही केलेली नाही. दुसरी संसद कळवा. जवळा पण आता वाळत घातलाय, छान ऊन मिळतंय (गोदूला सांगू नका).

सगुणा

---

हरिहरेश्वर, २ फेब्रुवारी २०२५

चि. सगुणेस आ.

लंडनचा प्रयोग पूर्णतः यशस्वी झाला आहे. दोन स्त्रियांना उन्हाविषयी मतभेद नव्हता. त्यांना समोरासमोर बसवले, मतभेद झाला. फळ्यांखेरीज परिस्थितीत काहीही बदललेले नव्हते. यापेक्षा शुद्ध पुरावा मला विद्यापीठातही मिळाला नसता. चक्कर येणे आनुषंगिक आहे.

तथापि तुम्हास भांडण नको असल्यास अर्धवर्तुळ घ्यावे. राज्यक्रांतीच्या वेळी फ्रान्सच्या सभेत राजाचे पाठीराखे अध्यक्षाच्या उजव्या हाताला गोळा झाले, विरोधक डाव्या हाताला. डावे आणि उजवे हे शब्द तेथून जगभर पसरले. पुढे पॅरिसच्या सभागृहात बाके अर्धवर्तुळात मांडली. अर्धवर्तुळात कोणीही कोणाच्या थेट समोर येत नाही. सर्वांची तोंडे मध्यभागी उभ्या असलेल्या वक्त्याकडे. मत डावीकडून उजवीकडे हळूहळू बदलत जाते, भरतीच्या पाण्यासारखे.

यास बुडापेस्टची जोड द्यावी. डॅन्यूब नदीकाठची ती इमारत मला सर्वांत प्रिय आहे. तिच्यात दोन बाजूंना दोन हुबेहूब सारखी सभागृहे आहेत. वरिष्ठ सभागृह पुढे रद्द झाले, त्यामुळे त्यातील एक आता केवळ समतोलासाठी उभे आहे. तेथील दोन सोयी तुम्हास उपयुक्त ठरतील. पहिली: सभागृहाबाहेर पितळी खाचा आहेत, प्रत्येकीस क्रमांक. सभासद आत जाताना जळती चिरूट आपल्या क्रमांकाच्या खाचेत ठेवून जात. तुम्ही टोपल्यांना सभासद क्रमांकाप्रमाणे जागा आखून द्यावी, म्हणजे फळ्या मोकळ्या राहतील. दुसरी: उन्हाळ्यात ती इमारत बर्फाने थंड ठेवीत. बाहेरच्या चौकाखाली बर्फ साठवून त्यावरून हवा आत सोडीत. बर्फ तुमच्याकडे आहेच.

बाळाजीमामा

---

भाटवणे बंदर, १२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मामांस सा. न.

आधी बर्फाचं सांगते, कारण ते लवकर संपलं. मैदानाच्या कडेला खड्डा खणून बर्फाच्या लाद्या टाकल्या, वर पंखा लावला. गार वारा आला, पण कोळंबीचा वास घेऊन. आणि कोळणीला बर्फ दिसल्यावर ती राहते होय? तासाभरात संसदेच्या तळघरात पापलेट लागले.

टोपल्यांची सोय मात्र सगळ्यांना पसंत पडली. मैदानभर वलांड्यांच्या मधून चुन्याचे चौकोन आखले, प्रत्येकात सभासदाचा नंबर. ज्या-त्या बाईने आपली रांगेची टोपली आपल्या चौकोनात ठेवली, आणि आता ती तिथंच असते.

आता पॅरिस. अर्धवर्तुळ केलं, सगळ्या बाया बसल्या, मधोमध अनंता उभा राहिला. मामा, तुम्ही लिहिताना विसरलात का हो? आपल्याकडे माणसं अर्धवर्तुळ करून बसतात ती लिलावाला. आणि मधोमध उभा असतो तो माल विकतो.

अनंताने कागद वर धरला. "बसण्याच्या व्यवस्थेस मंजुरी देण्याचा ठराव..." एवढंच म्हणाला, आणि नीराबाईने बोली लावली. गोदूने वाढवली, कारण नीराबाईने लावली होती. मग काय, चढतच गेली. अनंता ओरडतोय, "अवो, हा ठराव हाय!" मागून कोणी तरी म्हणालं, "काय हाय त्ये हाय, एक वार... दोन वार..."

ठराव नीराबाईला सुटला. तिने कागद उलटापालटा करून बघितला, वास घेतला, पदरात घातला आणि घरी गेली. अनंता संध्याकाळी मागायला गेला तर म्हणते, "घेतलेला माल परत कसा करू? ताजा बघून घेतलाय."

त्यामुळे मंजुरी राहिली. अजून एखादी संसद असली तर कळवा. नसली तरी कळवा.

सगुणा

---

हरिहरेश्वर, २० फेब्रुवारी २०२५

चि. सगुणेस आ.

ठराव ही विक्रेय वस्तू नाही, त्यामुळे नीराबाईंस कागद मिळाला आहे, ठराव नव्हे. हे त्यांस समजावून सांगावे. तरी सिद्धांतास बाध येत नाही. लिलावाच्या आकारात बसवले, लिलाव झाला.

अर्धवर्तुळ तुमच्या गावात पूर्वीच व्यापलेले आहे हे मात्र माझ्या ध्यानात यावयास हवे होते, म्हणून यावेळी मी अधिक काळजी घेतली. बुखारेस्टचा विचार केला. ती इमारत जगात सर्वांत वजनदार मानली जाते आणि दरवर्षी जमिनीत किंचित खचते असे सांगतात. रेवसच्या किनाऱ्यावर ती सोडून द्यावी. लिस्बनची संसद जुन्या मठात आहे, पण आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी मागे ठेवलेल्या भिंतींना छप्पर नाही.

निर्दोष उत्तर बर्लिन हे आहे. तेथील जुना घुमट आग व युद्ध यांत गेला. त्या जागी १९९९ साली काचेचा घुमट आला. त्यात नागरिक गोल चढणीने वर जातात आणि खाली बसलेल्या प्रतिनिधींकडे पाहतात. मधोमध आरशांचा शंकू आहे, तो दिवसाचा उजेड सभागृहात उतरवतो. वरून कोणी पाहत आहे हे ठाऊक असले की खाली कोणी बोली लावत नाही. तुमच्यासाठी आसने किंचित वळणदार, घुमट पारदर्शक फायबरचा. संपूर्ण रेखाटन सोबत आहे. त्यात दोष काढणे शक्य नाही. मी दोन दिवस प्रयत्न केला.

शिवरात्रीच्या गर्दीत टपाल अडकते. तुझा वेळ वाचावा म्हणून एक प्रत मी थेट कंत्राटदार श्री. गणराज यांस पाठवली आहे, पाठीमागे माझी संपूर्ण संमती लिहून.

बाळाजीमामा

---

भाटवणे बंदर, १ मार्च २०२५

मामा,

हे काय करून ठेवलंत?

काल सकाळी गणराज जेसीबी घेऊन मैदानावर हजर. हातात तुमचा घुमट. "मामांची संमती आल्यावर सही, असा शब्द होता ताई. ही संमती." मला बोलायला तोंड ठेवलं नाहीत. मी सही केली नाही, पण तो म्हणतो शब्द म्हणजे सहीच. बाया सगळ्या बाजाराला गेलेल्या. मैदानावर बोंबील, आणि चौकोनांत टोपल्या.

गोदूचा पाय मुरगळलाय म्हणून ती तेवढी घरी होती. ती लंगडत आली आणि जेसीबीसमोर उभी राहिली.

"मशीन बंद करा. सभा चालू हाय."

"कुठली सभा?"

"ही काय समोर!"

"ह्या टोपल्या आहेत, मावशी."

"तुमच्याकडं असतील टोपल्या. हितं टोपली हाय म्हंजे बाय हाय. नंबर बघा. आमच्या चेअरमनच्या मामांनी युरोपातून आनलाय कायदा."

गणराजने जेसीबीवाल्याला हात केला. तो पोरगा पलीकडच्या कोळीवाड्यातला. त्याने चावी काढून खिशात घातली. "शेठ, मी टोपली हलवनार न्हाय. माझं लगीन ठरायचंय."

तेव्हापासून अधिवेशन चालू आहे. रात्री पण. अनंताने सहकार खात्याकडे तक्रार केली, की चेअरमनबाई टोपल्यांची बेकायदा सभा चालवतात. दहा तारखेला अधिकारी बाई इथं येऊन सुनावणी घेणार.

आता मुद्द्याचं. काल मी गोदूला सहज विचारलं, गेल्या मार्चात मैदान देऊन टाकायचा ठराव झाला तेव्हा तुम्ही बाया गप्प कशा बसलात? ती म्हणाली, "आमी कुठं व्हतो? आमच्या टोपल्या व्हत्या. सभा धक्क्याजवळ व्हती, रांग शेजारीच. गडी कमी पडले तवा अनंतानं टोपल्या मोजून कोरम भरला. मग टोपल्यांकडं बघून इचारलं म्हनं, कुनाचा इरोध हाय का? कोन बोलनार?"

ठराव एकमताने मंजूर झाला, मामा. टोपल्यांनी हू की चू केलं नाही.

अनंता हे नाकारत नाही. म्हणतो, रीतच आहे. अधिकारी बाईंनी फोनवर दोन्ही बाजूंना विचारलं तेव्हा ठरलं, की टोपली सभासद आहे की नाही हे बाळाजीमामांनी शास्त्राने लिहून द्यावं. तुमच्या शब्दावर गावात अजून कोणाचा अविश्वास नाही. माझा कालपासून थोडा आहे.

मैदान गेलं तर ते मी घालवलं असं होईल. चेअरमन मी आहे.

सगुणा

---

हरिहरेश्वर, ४ मार्च २०२५

चि. सगुणेस आ.

पुढील मजकूर सुनावणीत वाचून दाखवावा.

टोपली सभासद नाही, असे माझे व्यक्तिगत मत आहे. परंतु येथे माझे मत विचारलेले नाही, निष्कर्ष विचारला आहे. तो असा.

टोपली एक तर सभासद आहे, किंवा नाही.

ती सभासद असल्यास मैदानावर चालू असलेले अधिवेशन वैध आहे. त्यास कोरम आहे, कारण मैदानावर संस्थेच्या निम्म्याहून अधिक सभासदांच्या टोपल्या आपापल्या क्रमांकावर हजर आहेत. चालू सभेच्या अंगावर यंत्र घालता येत नाही. तेव्हा मैदान खणता येत नाही.

ती सभासद नसल्यास गेल्या मार्चातील सभेस कोरम नव्हता. कोरम नसलेल्या सभेचा ठराव हा ठराव नव्हे. तेव्हा मैदान खणता येत नाही.

दोहोंपैकी कोणतीही बाजू घ्या, मैदान खणता येत नाही.

तिसरी वाट म्हणून सेक्रेटरी असे म्हणतील, की टोपली धक्क्यावर सभासद असते आणि मैदानावर नसते. त्यांना विचारावे, की मग ती धक्क्यावरून मैदानावर येताना नेमकी कोठे राजीनामा देते. कोणी माझ्याच सिद्धांताचा आधार घेऊन म्हणेल, की जागा बदलली की सर्व बदलते. जागेने मत बदलते, अस्तित्व नव्हे. टोपलीस मत नाही. त्यामुळे तिचे मत बदलण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

येथपर्यंत वाचावे. पुढील तुझ्यासाठी.

इमारत नसलेली एक संसद आहे, तिचा उल्लेख मी टाळत आलो. आइसलंडचे लोक सन ९३० पासून एका उघड्या पठारावर जमत. कायदा सांगणारा एका खडकावर उभा राही, बाकीचे गवतावर. छप्पर नव्हते, बाके नव्हती. हे कित्येक शतके चालले. माझ्या विधानाला ही संसद गैरसोयीची आहे म्हणून मी ती तुला कळवली नाही. मैदान वाचवायला तिचा उपयोग होत असेल तर करावा.

घुमटाचे रेखाटन परत मागवून घे. ते चांगले आहे.

बाळाजीमामा

---

भाटवणे बंदर, १८ मार्च २०२५

तीर्थरूप मामांस सा. न.

होळीच्या गडबडीत उशीर झाला, रागावू नका.

सुनावणी मैदानावरच झाली. अधिकारी बाईंना खुर्ची दिली, अनंताला दिली नाही. तुमचं पत्र मी वाचलं. बाईंनी दोनदा वाचायला लावलं. मग अनंताकडे वळल्या.

"टोपली सभासद आहे का?"

"न्हाय मॅडम. टोपली कशी सभासद आसंल?"

"मग मागचा ठराव रद्द धरू?"

"न्हाय न्हाय! त्या टोपल्या व्हत्या सभासद."

"आणि या?"

अनंताने एका टोपलीत वाकून बघितलं. "ह्या रिकाम्या हायेत, मॅडम."

"त्या भरलेल्या होत्या?"

"त्या... गंभीर व्हत्या."

सगळं मैदान हसलं. अनंताची आई पण हसली, तोंडाला पदर लावून. बाईंनी हसू आवरलं आणि गोदूला विचारलं, "पण तुम्ही टोपल्या कशाला पाठवता? स्वतः का येत नाही सभेला?"

गोदू म्हणाली, "सभा सकाळी सातला आसती, मॅडम."

"मग?"

"सातला रेवसहून लाँच सुटती. ती चुकली तर भाऊच्या धक्क्यावर पोचायला दुपार. दुपारी मासळी कोन घेतंय?"

"सातची वेळ ठरवली कुणी?"

अनंता म्हणाला, "ठरवली न्हाय कुनी. बापाच्या टायमापासनं हाय. गडी बोटींवरनं येतात, तवाच मोकळे असतात."

बाईंनी मागचा ठराव रद्द केला, टोपल्यांचं अधिवेशनही रद्द केलं, आणि नवीन सभा लावली. दुपारी चारला.

रविवारी चारला सभा झाली. एकही बाई घरी राहिली नाही. गोदू दोघींच्या खांद्यांवर हात टाकून आली, त्यांतली एक नीराबाई. कोणी दोरी आखली नाही. वलांड्यांच्या सावलीत बसलो, सावली सरकली तशी सगळी सभा तिच्यामागून सरकली, तांडेलांसकट. शेवटी कोण कोणाच्या समोर होतं, कोण डावीकडे होतं, देव जाणे. मैदान वाळवणालाच राहील असं ठरलं. अनंताच्या आईने त्याच्या विरुद्ध हात वर केला आणि तो खाली घेतलाच नाही, मोजणी संपली तरी. सभागृह जुन्याच जागी बांधायचं, लहान.

तुमच्या घुमटाचं रेखाटन गणराजने दिलं नाही. म्हणतो, अलिबागच्या एका हॉटेलवाल्याला पसंत पडलंय.

आता एक विचारायचं होतं. आमची रविवारची सभा कुठल्या देशाच्या संसदेसारखी झाली? बाया विचारतात.

तुमची,
सगुणा

---

कबुली

सगुणेच्या शेवटच्या पत्रामुळे माझे विधान खोटे ठरते, असे काही वाचक म्हणतील. सभासद सावलीबरोबर जागा बदलत राहिले आणि त्यांचे मत बदलले नाही, असा त्यांचा युक्तिवाद असेल. मला तो मान्य नाही. सावली हेही एक छत आहे, आणि सरकत्या छताखाली सरकणाऱ्या सभेचा अभ्यास अद्याप कोणी केलेला नाही. तो वाद मी स्वतंत्र लेखात चालवीन.

सगुणेच्या प्रश्नास मी उत्तर पाठवले आहे: कोणत्याच नाही.

एक चूक मात्र मान्य करणे भाग आहे. लंडन, पॅरिस, बुडापेस्ट, बर्लिन येथे मी बाके पाहिली, दारे पाहिली, घुमटाची गोलाई आणि भिंतींतील खाचा टिपून घेतल्या. सभा किती वाजता भरते, हे मी एकाही ठिकाणी विचारले नाही. भाटवण्याविषयी तर ते विचारण्याचीही गरज नव्हती. माझी आई त्या संस्थेची सभासद होती आणि सातच्या लाँचने बाजाराला जात असे. धक्क्यापर्यंत तिच्याबरोबर मी चालत जाई. सातची सभा आणि सातची लाँच, दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. त्या मी कधीही एका वाक्यात मांडल्या नाहीत.

बाळाजी धाकू तांडेल
हरिहरेश्वर, २५ मार्च २०२५